इंदूरच्या मालकाने लार्ज जेटच घ्यावे काय?

रामबागकर

"पिथमपूरच्या कारखानदाराने जेट घ्यायचेच तर चॅलेंजरसारख्या लार्ज, म्हणजे मोठ्या जेटच्या खाली पाहू नये. लाइट, म्हणजे छोटी जेट ही हौशी लोकांची खेळणी आहेत. इंदुरातून एका दमात युरोप गाठता येत नसेल तर ते विमान कशाला?" असा सल्ला 'विजयनगर' यांनी परवा येथे दिला आणि त्याखाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागली. निवृत्त होईपर्यंत एका उद्योगसमूहात मालकांच्या विमानाचे वेळापत्रक लावण्याचेच काम मी केले असल्यामुळे मला गप्प बसवले नाही.

विमान कुठे आणि कितीदा जाणार, हे आधी विचारावे. आमचे विमान मुंबई, दिल्ली, अहमदाबाद आणि हैदराबाद यांपलीकडे क्वचितच जात असे, आणि त्यात बहुधा तीन-चार माणसे असत. इंदूर ते मुंबई हे हवाई अंतर 500 किलोमीटरच्या आसपास आहे. एवढ्या अंतरात लार्ज जेट उंची गाठते न गाठते तोच खाली उतरू लागते, आणि लांब पल्ल्यासाठी बांधलेल्या त्या इंजिनांचे इंधन तेवढ्यासाठी जाळावे लागते. याच कामाला फेनॉम 300 सारखे लाइट जेट पुरते. त्याची रेंज, म्हणजे एकदा इंधन भरून जाण्याचा पल्ला, सुमारे 3,700 किलोमीटर असल्यामुळे इंदुरातून दुबईही त्याच्या आवाक्यात येते.

आता युरोप. इंदूर ते फ्रँकफर्ट हे सरळ रेषेतले अंतर सुमारे साडेसहा हजार किलोमीटर आहे आणि चॅलेंजर 650 ची रेंज सुमारे 7,400 सांगितली जाते, म्हणजे कागदावर हिशेब जुळतो. परंतु माहितीपत्रकातला आकडा मोजकी माणसे, सावकाश वेग आणि शांत वारा धरून काढलेला असतो. पश्चिमेकडे जाताना वारा समोरून येतो. शिवाय एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केल्यापासून ती सरळ रेषाच उरलेली नाही, अरबी समुद्रावरून वळसा घालावा लागतो. वर्षातून एकदोनदा युरोपला जायचे असेल, तर त्या वेळी मोठे विमान चार्टर करावे. त्यासाठी उरलेले वर्षभर हत्ती पोसू नये.

विजयनगर

रामबागकर काकांनी आमच्या चार ओळींवर प्रबंध लिहिला, याबद्दल आभार. त्यांनी विमानाचे वेळापत्रक लावले, विमानात बसून काम केलेले नाही, हे मात्र ओळीओळीत दिसते. फेनॉमच्या कॅबिनची उंची दीड मीटर आहे. माझ्या सासऱ्यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. अशाच एका लाइट जेटमधून त्यांना आम्ही मुंबईला नेले, तेव्हा दारातून शिरल्यावर ते वाकलेल्या अवस्थेतच खुर्च्यांच्या पाठी धरत धरत मागे गेले, आणि मध्येच पाय आखडला तेव्हा त्यांना सरळ उभेही राहता येईना. चॅलेंजरमध्ये सहा फुटांचा माणूस उभा राहतो. ज्याला आपण हत्ती पोसणे म्हणता, ती साठी ओलांडलेल्या मालकाची गरज असते.

बैठकीचेही तेच. समोरासमोरच्या खुर्च्यांत गुडघ्याला गुडघा लागत असताना कोणी करार वाचू शकत नाही. आणि समोरचा पक्ष आपण कशातून उतरलो हे पाहतो, हे आपल्याला आवडो वा न आवडो.

हरणी रोड (बडोदे)

दोघांचेही चुकते आहे, असे मला नम्रपणे सांगायचे आहे. इंदूर-मुंबईसाठी विमान घेण्याचे समर्थन कोणी करूच कसे शकते? फेब्रुवारी 2024 मध्ये मुंबईतले गर्दीच्या वेळांतले निर्बंध वाढवून खासगी विमानांना दिवसाचे आठ तास बंदी घातली गेली. सकाळी 8 ते 11 आणि संध्याकाळी 5 ते 8 या वेळा त्यात गेल्या, म्हणजे कामाच्या माणसाला नेमके जेव्हा उतरायचे असते तेव्हाच दार बंद. त्या वेळेत साध्या तिकिटाचा प्रवासी मात्र मुंबईत उतरून गाडीत बसलेला असतो.

खरे दुखणे वेगळेच आहे, आणि त्याबद्दल येथे कोणी अवाक्षर काढत नाही. वैयक्तिक वापराच्या विमानावर पूर्वी 28 टक्के जीएसटी आणि वर 3 टक्के सेस होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो थेट 40 टक्के झाला. भाड्याने चालवण्याच्या परवान्यावर, म्हणजे एनएसओपीवर आणले तर 5 टक्के. त्यामुळे शेटजी एनएसओपी काढतात, कागदावर चार्टर कंपनी उभी राहते आणि विमानात वर्षभर शेटजींचेच कुटुंब फिरते. आम्ही मात्र स्कूटरच्या सुट्या भागांवरही पूर्ण कर भरतो.

सुदामानगर सीए

हरणी रोड यांनी एका वाक्यात संपूर्ण व्यवसायाला चोर ठरवले, ही त्यांची जुनी सवय आहे. एनएसओपी काढणाऱ्याला डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या देखरेखीखाली प्रशिक्षण, देखभाल आणि सुरक्षेची पूर्ण व्यवस्था उभी करावी लागते. तो परवाना किराणा दुकानाच्या गुमास्त्यासारखा मिळत नाही. समूहातल्याच कंपनीने रीतसर बिल भरून विमान भाड्याने घेतले, तर तो गुन्हा कसा? सीमाशुल्क खात्याने याच मुद्द्यावर वर्षानुवर्षे खटले लढवले आहेत, म्हणजे प्रश्न वादग्रस्त आहे, उघड चोरीचा नाही. माझ्या एका पक्षकाराचे विमान अशाच नोटिशीत अडकले होते. तो काळ त्याने कसा काढला, हे मी जवळून पाहिले आहे.

हरणी रोड (बडोदे)

पक्षकाराच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. त्यांना तेवढे दिवस सर्वसामान्यांच्या विमानातून प्रवास करावा लागला असेल, ही कल्पनाच असह्य आहे.

लष्कर-ग्वाल्हेर

कराचे भांडण चालू राहू द्या, त्याच्या शेजारी याहून वाईट प्रकार चालतो, तो सांगतो. आमच्या नात्यातल्या एका लग्नात नवरदेवाला उदयपूरला नेण्यासाठी "ओळखीच्यांचे" विमान आले. ते खासगी नोंदणीचे होते, म्हणजे भाड्याने देता येत नाही. "भाडे नको, फक्त इंधन आणि पायलटचे पाहा," असे गोड शब्दांत सांगून रोख रक्कम घेतली गेली. अपघात झाला असता तर विमा कंपनीने पहिला प्रश्न हाच विचारला असता, की हे प्रवासी कोण आणि त्यांनी पैसे दिले होते काय. हे मी त्या वेळी बोललो, तर वरपक्षाने माझ्याशी बोलणे सोडले. सीए साहेब, आपल्या रीतसर बिलांच्या गोष्टी या लोकांना सांगा.

मूळ विषयावरही एक बोलतो. मध्य प्रदेशात कारखाने केवळ पिथमपुरात नाहीत. ज्याला गुणा, शिवपुरी, नीमचच्या हवाईपट्ट्यांवर उतरायचे आहे, त्याने चॅलेंजरचे नावच काढू नये. त्याने किंग एअरसारखे टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्याचे विमान घ्यावे, किंवा जेटच हवे असेल तर कच्च्या धावपट्टीवरही उतरू शकणारे पिलाटस पीसी-24. त्याला मागे मोठा मालवाहू दरवाजाही आहे.

विजयनगर

किंग एअर सुचवायला ग्वाल्हेरकरच मिळावेत! मे 2021 मध्ये राज्य सरकारचे किंग एअर रेमडेसिविर घेऊन आपल्याच ग्वाल्हेरच्या महाराजपूर धावपट्टीवर अरेस्टर बॅरियरला, म्हणजे लढाऊ विमाने अडवण्याच्या जाळीला धडकले, हे विसरलात काय?

लष्कर-ग्वाल्हेर

विसरलो नाही. ते विमान धावपट्टीवरच्या बॅरियरला अडकले होते, आणि बॅरियर वर असेल तर आपले चॅलेंजरही त्यावरून उडी मारणार नाही. अपघाताचे खापर पंख्यावर फोडण्याची ही पद्धत दिवाणखान्यातल्या गप्पांना ठीक आहे.

रामबागकर

कर, लग्न आणि बॅरियर यांतून वाट काढत मूळ प्रश्नावर येतो. एनएसओपी आणि खासगी नोंदणी यांतला निर्णय विमान निवडण्याच्या आधी करावा लागतो, हे हरणी रोड यांच्या संतापातून निघालेले एक उपयुक्त वाक्य मी मान्य करतो, बाकीचा संताप त्यांचा त्यांना लखलाभ. मुंबईच्या वेळांचा मुद्दाही खरा आहे, पण ती बंदी लाइट जेट आणि लार्ज जेट दोघांनाही सारखीच लागते, त्यामुळे त्यातून चॅलेंजरचा विजय होत नाही.

राहिला कॅबिनच्या उंचीचा प्रश्न. ज्याच्या घरात गुडघ्यांचे दुखणे आहे त्याने उंच कॅबिन घ्यावी, यात वाद नाही. तो मुद्दा आपण परवाच मांडला असता, तर मी एवढे लिहिलेच नसते. आपण मांडला तो युरोपचा आणि रुबाबाचा मुद्दा.

विजयनगर

काकांनी अखेर उंची मान्य केली, आम्ही कृतार्थ झालो. त्याच न्यायाने युरोपचा आग्रह मीही सोडतो, कारण पाकिस्तानने आपली बाजू घेतलेली दिसते. परंतु वीस वर्षांचे चॅलेंजर 604 आज बाजारात नव्या फेनॉमपेक्षाही स्वस्त मिळते. उंच कॅबिन कमी पैशांत मिळत असताना दीड मीटरच्या नळीत कोण शिरेल?

रामबागकर

किंमत उतरली म्हणून खर्च उतरत नाही. जुने 604 आणि नवे 650 तासाला जवळजवळ सारखेच इंधन पितात, म्हणजे फेनॉमच्या सुमारे दुप्पट, आणि जुन्याचा देखभालीचा खर्च वरचढ असतो. इतके स्वस्त 604 दिसले, की 96 महिन्यांची मोठी तपासणी जवळ आली आहे काय, दोन्ही सीएफ-34 इंजिने देखभालीसाठी उड्डाणाच्या तासानुसार हप्ते भरण्याच्या योजनेत आहेत काय, आणि मागच्या मालकाने ते हप्ते बुडवले आहेत काय, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. आमच्या मालकांनी एकदा असेच स्वस्त विमान पाहिले होते. लॉगबुकातली काही पाने वेगळ्या शाईत आणि एकाच हस्ताक्षरात लिहिलेली निघाली, तेव्हा अभियंत्याने ते पुस्तक मिटून परत दिले. आपल्याला 604 घ्यायचेच असेल तर घ्या, पण विक्रेत्याशी संबंध नसलेला अभियंता सोबत नेऊन त्याच्याकडून ते तपासून घेतल्याशिवाय बयाणा देऊ नका.

विजयनगर

अभियंत्याचे नाव व्यक्तिगत निरोपात पाठवा. मत बदललेले नाही.