विषय : व्हॅक्यूम क्लीनरचा रोलर फिरेना (चोपड्याहून, तातडीचे)

सर्व सभासदांस नमस्कार.
मंडळाच्या लिलावात घेतलेला तो बिनवायरचा व्हॅक्यूम क्लीनर मी गावी आणला आहे. भाव वाढेल या आशेने मधल्या खोलीत महिनाभर भरून ठेवलेला कापूस काल एकदाचा गेला, म्हणून तिथे मशीन फिरवले, तर दोन मिनिटांत रोलर थांबला. आता बटण दाबले की ते क्षणभर गुरगुरते आणि बंद पडते. शुक्रवारी पुतणीचा साखरपुडा त्याच खोलीत आहे. काय करावे?

---

सप्रेम नमस्कार.
लिलावाच्या दिवशी यंत्र उत्तम चालत होते, याची नोंद असावी. तिकडे भारतात वीज आपल्या इथल्यासारखी नसून २३० व्होल्टची असते. दोष त्यातच असणार.
माजी खजिनदार

---

खजिनदारसाहेब, व्होल्टेजचा संबंध चार्जरपुरता असतो. त्यावर १००-२४० व्होल्ट असे छापले असेल तर चिंता नाही. आणि नसेल तर चार्जर जळेल, रोलर कसा अडकेल?
भाऊ, ब्रशचे तोंड काढून नुसत्या नळीने मशीन चालवून पाहा. ते सलग चालले तर अडचण तोंडातच आहे. रोलर अडला की त्याच्या मोटरवर भार येऊन विजेचा प्रवाह वाढतो आणि मोटर जळू नये म्हणून मशीन स्वतःच बंद होते, तेव्हा पुन्हापुन्हा बटण दाबू नका. बॅटरी निघत असेल तर आधी ती काढा, मग कडेच्या झाकणाची खाच नाण्याने फिरवून रोलर बाहेर ओढा. मधले केस आणि दोरे सगळेच कापतात. खरा गुंता टोकाला, बेअरिंगपाशी, झाकणाच्या आत दडलेला असतो.

---

वरील उत्तर योग्य आहे, तरी मंडळाच्या साहित्याविषयी आधी साहित्य समितीला विचारण्याची पद्धत आहे.
आमच्या फैजपूरच्या घरी गोधडीच्या दोऱ्याने असेच झाले होते. यजमानांनी सुरी चालवली आणि दोऱ्याबरोबर ब्रशचे केसही कापले, म्हणून शिलाई उसवायचे हत्यार वापरावे. मोटर असलेले तोंड पाण्याखाली धरू नये. कापसाच्या खोलीत आधी केरसुणी फिरवावी, हे सांगायला समिती लागत नाही, पण सांगते.

---

अहो ताई, ते मशीन लिलावात विकले गेले आहे. आता समितीचा काय संबंध?

---

सर्वांचे आभार. नुसत्या नळीने मशीन चालले. रोलरवरचा कापूस बोटांनीच निघाला, तरी तो हाताने फिरेना. मग टोकाचे झाकण उघडले, तर आत सुपारीएवढा घट्ट गोळा होता. तो उसवून काढला, झाकणाची खूण जुळवून बसवली आणि रोलर फिरू लागला.
गोळ्यात वरवर कापूस होता. आत मात्र गेल्या गणपतीच्या मखराची सोनेरी जर निघाली. माजी खजिनदारांनी याचीही नोंद घ्यावी.