‘रिझर्व्हॉयर १३’ वाचून तुमचं काय झालं?

जॉन मॅकग्रेगरची ही २०१७ची कादंबरी, त्या वर्षीचं कोस्टा नॉव्हेल अवॉर्ड हिलाच मिळालं. इंग्लंडमधलं डोंगराळ खेडं, नववर्षाच्या सुट्टीत आईवडिलांसोबत आलेली तेरा वर्षांची मुलगी गायब होते, आणि मग गावाची तेरा वर्षं, तेरा प्रकरणं. अनुभव लिहा. स्पॉयलर बिनधास्त द्या, का ते वाचलेल्यांना कळेलच :)

---

मी आपली ‘कोणी केलं’ या हिशोबाने बसले. पाणबुडे उतरले की वाटायचं आता सापडणार आणि पुढच्याच वाक्यात मेंढ्या व्यायल्या, कोल्ह्याची पिल्लं बाहेर आली, शेजारच्या गावाशी क्रिकेटमध्ये परत हरले. जाम चिडचिड. आणि मग मधेच कधीतरी लक्षात आलं की मी त्या मुलीला शोधणंच सोडलंय, मला अमक्यातमक्याचा संसार टिकतो का याची काळजी लागलीय. तेव्हा जे चर्र झालं ना, ते कुठल्या खुनाच्या पुस्तकात होत नाही.

---

वरच्या ताईंना +१. आमच्या गावात चुलतभाऊ असाच गेला, परत आलाच नाही. गावाने विहिरीत गळ टाकले, रानं पालथी घातली. त्या वर्षी जत्रेत नुसती पालखी निघाली, पुढच्या वर्षी बँड आला, त्याच्या पुढच्या वर्षी तमाशा पण. कुणाचं चुकलं असं नाही म्हणत मी, पण काकू अजून रेशनकार्डावरचं त्याचं नाव काढू देत नाही. पुस्तकात त्या मुलीच्या कपड्यांचं वर्णन सारखं सारखं येतं तिथे मला पुस्तक मिटावं लागलं.

---

मला नाही झेपलं बुवा. संवादांना अवतरणचिन्हं नाहीत, पानभर लांब परिच्छेद आणि माणसं तर ढीगभर, कोण कुणाचा कोण कळेना. अर्ध्यात सोडलं. एक आवडलं, ते विहिरी सजवतात ते. फळीवर ओली माती थापून त्यात फुलांच्या पाकळ्या एकेक दाबून चित्र करायचं, डर्बीशायरमध्ये खरंच करतात म्हणे. दरवर्षी नवं चित्र.

---

@वरचे, माणसं लक्षात ठेवायचीच नाहीत हो, गावात नवीन राहायला गेल्यासारखं वाचायचं, हळूहळू कळतात. ‘द रिझर्व्हॉयर टेप्स’ कोणी वाचलंय का? त्याच गावाच्या पंधरा गोष्टी, मूळ बीबीसी रेडिओसाठी लिहिलेल्या. माझ्याकडे आहे, पुण्यात कुणाला हवं असेल तर विपू (विचारपूशीत निरोप) करा.