मदत हवी आहे: छोट्या साइटवरची खरेदी आणि सेफ्टी, सुरुवात कुठून करू?

कऱ्हाडकरीण

नमस्कार मंडळी. कऱ्हाडला आमचं बांधकामाचं छोटं काम आहे. इतकी वर्षं काका बघायचे, त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सगळं माझ्याकडे आलंय. सिव्हिलचा डिप्लोमा आहे, पण नोकरी डिझाइन ऑफिसात केली. त्यामुळे नकाशा कळतो, मुकादम कळत नाही. सध्या पार्किंगवर चार मजल्यांची एक इमारत आणि दोन बंगले चालू आहेत. माणसं म्हणाल तर मी, एक सुपरवायझर आणि काकांची वही.

माल आमचा, मजुरी लेबर रेटने, अशी पद्धत आहे. मिस्त्रीला काही लागलं की तो थेट दुकानात फोन करतो, टेम्पो येतो, चलानावर वॉचमन सही करतो आणि महिनाअखेरीला बिल येतं. बिल आणि साइटवरचा माल यांची गाठ कधीच पडत नाही. गेल्या स्लॅबला १२ एमएमची सळई कमी पडली म्हणून ऐनवेळी चढ्या भावाने आणली, आणि १६ एमएमचा ढीग पार्किंगमध्ये गंजत पडलाय. चोरी म्हणावी तर बोट कुणावर ठेवणार? आणि सगळी चोरीच असेल असं मला वाटतही नाही.

दुसरं सेफ्टीचं. हेल्मेट आणि बेल्ट आणून दिलेत. हेल्मेटात खिळे ठेवतात आणि बेल्ट सिमेंटच्या खोलीत खुंटीला लटकलेत. मध्यंतरी बाहेरच्या बीमचं सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा आणि टेकू) करताना एक पोरगा घसरला. खालच्या परांचीवर अडकला म्हणून मनगटावर निभावलं. दवाखान्याचं आम्ही केलं, पण फॉर्मवर लिहायला त्याचं पूर्ण नाव सेंट्रिंगवाल्यालाही माहीत नव्हतं. घरचा नंबर तर सोडाच.

एवढ्या पसाऱ्यात आधी काय हातात घ्यावं? स्टोअरकीपर आणि सेफ्टी ऑफिसर ठेवण्याइतका धंदा नाही. कृपया मोठ्या कंपन्यांच्या मॅन्युअलच्या पीडीएफ देऊ नका, वाचून झाल्यात.

निवृत्त उपअभियंता

ताई, पहिलं काम फुकटचं आहे. दुकानदाराला सांगून ठेवा की तुमच्या नंबरवरून मेसेज आल्याशिवाय माल सोडायचा नाही. मिस्त्री थोडे दिवस फुगेल, मग आदल्या दिवशी मागणी लिहून द्यायला लागेल. आणि वॉचमनची सही बंद करा. ज्याला चलान वाचता येतं आणि ज्याच्यासमोर माल उतरतो, त्याचीच सही हवी.

सळई आपण टनावर घेतो आणि मीटरवर वापरतो, गोंधळ तिथे होतो. एमएममधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ केलं की मीटरचं वजन किलोत येतं. १२ एमएमला साधारण ०.८९. बारा मीटरची एक सळई १०.६७ किलोची, म्हणजे शंभर सळया १०६७ किलो. काटा पावती १०९५ दाखवत असेल तर लगेच भांडायला जाऊ नका, आयएस १७८६ या सळईच्या भारतीय मानकाप्रमाणे या मापाला वजनात ५ टक्के वरखाली चालतं. पण दरवेळी वरच येत असेल, तर पैसे जास्त लोखंडाचे जातात आणि हातात लांबी कमी येते. बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे कुठे किती सळई लागेल याचा तक्ता, नेमक्या वजनावर काढलेलं असतं, म्हणून ऐन स्लॅबला सळई ‘कमी पडते’. गाडी उतरतानाच नग मोजा, मीटरभर तुकडा कापून वजन करा आणि सरासरी वजन वहीत लिहा. पुढची ऑर्डर त्या वजनावर काढा. जालन्याचा माल असो की आणखी कुठला, प्रत्येक लॉटचं वेगळं.

सिमेंटचं याहून सोपं. एकास दीडास तीनच्या (सिमेंट, वाळू, खडी) मिक्सला घनमीटरला साधारण आठ पोती लागतात, म्हणजे २० घनमीटरच्या स्लॅबला १६०. स्लॅब संपला की त्याच संध्याकाळी रिकामी पोती मोजा. सकाळवर ढकलू नका, रिकाम्या पोत्यांनाही गिऱ्हाईक असतं. आणि वाळू ब्रासवर घेत असाल तर गाडीचा हौदा टेपने मोजा. शंभर घनफूट भरतील, पण ओली वाळू फुगलेली असते, हेही धरून चाला.

सेंट्रिंगवाला बाबू

मी तुमच्या त्या सेंट्रिंगवाल्याच्या जातीतला, म्हणून दुसरी बाजू लिहितो.

रेट स्लॅबच्या स्क्वेअर फुटावर ठरतो. त्या रेटमध्ये प्लेटा, टेकू, ने-आण, पोरांची खर्ची, सगळं बसवायचं. बाहेरची परांची, कडेचं रेलिंग, जाळी हे धरून मी रेट दिला तर काम शेजारच्याला जातं. मग काम मिळवायचं तर हे सगळं काढूनच रेट द्यावा लागतो, आणि साहेब लोक वर येऊन म्हणतात, सेफ्टी कुठाय? तुम्ही ती विकतच घेतली नाही, ताई.

बेल्टचं म्हणाल तर हुक कुठे अडकवायचा ते आधी दाखवा. बाहेरच्या बीमवर उभं राहिल्यावर डोक्याच्या वर काहीच नसतं. हुकाला जागा नसेल तर बेल्ट म्हणजे नुसता दागिना. आमची पोरं काढून ठेवतात ती यामुळे, माजामुळे नाही. कंबरेचा पट्टा आणला असेल तर तोही बदला, पूर्ण अंगाचा हार्नेस घ्या. आणि हुक अडकवायचा तारदोर कुठल्या कॉलमला बांधायचा ते तुमच्या इंजिनिअरला ठरवू द्या. उभ्या सळईला बांधून भागत नाही.

अजून एक कुणी लिहिलं नाही ते. टेकू लवकर काढायची घाई आमची असते, कारण त्याच प्लेटा वरच्या मजल्याला लागतात. तुमचीही असते, कारण बुकिंगवाल्यांना मजला दाखवायचा असतो. ‘काढू का?’ ‘काढ की’ हे फोनवर होतं. हे बंद करा. तुमची सही असलेल्या चिठ्ठीशिवाय एकही टेकू हलणार नाही, असं करारात टाका. आम्हालाच बरं पडतं, घरमालक मागे लागला की चिठ्ठी दाखवता येते.

निवृत्त उपअभियंता

बाबूरावांनी मुद्द्याला हात घातला. चिठ्ठीवर काय लिहायचं तेवढं जोडतो. आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे साध्या पोर्टलंड सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४. बीमचे सहा मीटरपर्यंत १४, पुढे २१. आजकाल बहुतेक पोती पीपीसीची, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटची असतात, ती सावकाश ताकद धरतात, म्हणून वाढीव दिवस द्या. क्युरिंगही (पाणी मारणं) त्याला १० दिवसांपेक्षा कमी नको.

कऱ्हाडकरीण

बाबूदादा, हुकाचं डोक्यातच आलं नव्हतं. काकांना वाचून दाखवलं तर ते हसले, म्हणाले याला रेट विचार.

पण मी परांची, रेलिंग आणि लिफ्टच्या डक्टचं झाकण यांचे पैसे वेगळे द्यायचे ठरवले, तर तेवढं माझं कोटेशन वर जाणार. बंगलेवाले प्रत्येक ओळीवर घासाघीस करतात. आणि जो माणूस सेंट्रिंगवाल्याचा आहे, त्याची जबाबदारी माझी की त्याची?

दोहाकर

मी इथे कतारमध्ये साइटवर आहे. इथल्यासारखं परमिटचं जंगल तुम्हाला नको, पण एक उचलण्यासारखं आहे: सेफ्टीची रक्कम कोटेशनमध्ये स्वतंत्र ओळीत एकरकमी टाका आणि सूट द्यायचीच झाली तर इतर ओळींवर द्या. टाइल्सवर घासाघीस होऊ दे, या ओळीवर नाही. दंडाच्या भानगडीत मात्र पडू नका. बिगाऱ्याचे शंभर रुपये कापले की तो तुम्हाला बघून हेल्मेट घालतो, तुम्ही गेट ओलांडलंत की काढतो.

जबाबदारीचं उत्तर आवडणार नाही. मजूर ठेकेदाराचा असला तरी भरपाई आधी मुख्य मालकाकडून, म्हणजे तुमच्याकडून, मागता येते, मग तुम्ही ठेकेदाराकडून वसूल करत बसा. म्हणून कामगार भरपाईचा विमा घ्या आणि त्यात उपठेकेदारांची माणसं, त्यांची मजुरी दाखवून, स्पष्ट घालून घ्या. त्यासाठी नावं लागतीलच. रोजच्या हजेरीत पूर्ण नाव, गाव आणि घरचा नंबर. त्याच यादीवर बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी करून घेता येईल: वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला. तो दाखला ठेकेदार देत नाही, हीच तर पोरांची तक्रार असते.

पुणेरी पाटी

सगळे सळई आणि सिमेंटवर बोलताय, म्हणून विचारतो. मजूर राहतात कुठे? पुण्याच्या कोंढव्यात २९ जून २०१९ ला मध्यरात्रीनंतर शेजारच्या सोसायटीची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडली, १५ जण गेले, त्यात लहान मुलंही होती. त्यात ना बेल्टचा प्रश्न होता ना टेकूचा. शेडची जागा तुम्ही ठरवता की मुकादम?

कऱ्हाडकरीण

मुकादमानेच ठरवलीय. आत्ता सुपरवायझरला फोटो पाठवायला सांगितला. इमारतीच्या साइटवरचे पत्रे मागच्या प्लॉटच्या दगडी भिंतीला टेकूनच मारलेत, चार कुटुंबं राहतात. पलीकडे भराव आहे आणि भिंतीला पाणी जायला होल दिसत नाहीत. पाऊस लागायच्या आत तिथून हलवते. पार्किंगच्या स्लॅबखाली नको म्हणाल हे माहीत आहे, टेकू अजून लागलेले आहेत. पुढच्या बाजूला मोकळी पट्टी आहे, तिथे खडीचा ढीग आहे, तो मागे सरकवायला जेसीबी सांगितलाय.

बाबूदादा, परांची आणि रेलिंगचा रेट चौरस फुटावर घेऊ की धावत्या मीटरवर? आणि मजला वर सरकला की तेच सामान पुन्हा लावायचे पैसे वेगळे असतात का?

सेंट्रिंगवाला बाबू

परांची दर्शनी क्षेत्रावर घ्या, रेलिंग धावत्या मीटरवर. सामान तुमचं असेल तर लावण्या-काढण्याची मजुरी प्रत्येक मजल्याला वेगळी, आमचं असेल तर महिन्याचं भाडंही धरावं लागतं. पाइप तुम्हीच घेऊन टाका, तीन साइट चालू आहेत, फिरत राहतील. व्यक्तिगत निरोपात प्लॅन पाठवा, माप काढून देतो.