नवीन बांधलेलं एलएस३ (४१६) : गरम झाल्यावर ऑइल प्रेशर पडतंय, इंजिन परत उघडू का?

तेलकट_हात

मंडळी, सल्ला हवाय. दोन रात्री झोप नाही.

गाडी कॉर्व्हेट सी६, २००९ ची. मूळ इंजिन एलएस३, म्हणजे जनरल मोटर्सचं ६.२ लिटरचं व्ही८. आता ४.०७० इंच बोअर, ४ इंच स्ट्रोकची फोर्ज्ड क्रँक, रॉड-पिस्टनही फोर्ज्ड. म्हणजे ४१६ घनइंच, साधारण ६.८ लिटर. बोअरिंग, होनिंग आणि बॅलन्सिंग बाहेरून करून घेतलं, जुळणी मी स्वतः केली. तेलाचा पंप नवीन, मूळ ठेवणीचाच. तेल ५डब्ल्यू-३०.

पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा प्रेशर यायला सहा-सात सेकंद लागले. थंड असताना आयडलला ४५ पीएसआय (दाबाचं एकक). तेल तापलं की २२-२४. इथपर्यंत मी मनाची समजूत घातली होती, पण ४५०० आरपीएमला नेल्यावर प्रेशर वाढायच्या ऐवजी खाली येतं! वरून टॅपेटसारखी टिकटिकही आहे, कधी असते कधी नसते. एकूण ६० किलोमीटर चाललीय. आता बंद करून ठेवलीय.

इंजिन उतरवून बेअरिंग बघू का? उतरवायचं म्हटलं तरी पोटात गोळा येतो.

रेडलाइन

नवीन इंजिनात तेल पातळ पडतंय. २०डब्ल्यू-५० टाका, प्रेशर लगेच वर येईल. माझ्या गाडीत हेच केलं होतं.

क्रँकशाफ्ट

बेअरिंगचा क्लिअरन्स, म्हणजे बेअरिंग आणि क्रँकमधली फट, जास्त असेल. जुळणीच्या वेळी मोजला होता का? आणि कशाने मोजला, प्लास्टिगेजने (चेपून फट मोजायची मऊ तार) की मायक्रोमीटर आणि बोअर गेजने?

तेलकट_हात

मायक्रोमीटर आणि डायल बोअर गेज, दोन वेगळ्या दिवशी मोजलं. मेन (क्रँकची मुख्य बेअरिंग) २.४ थाऊ, रॉड २.२ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). सगळं वहीत लिहिलेलं आहे.

क्रँकशाफ्ट

मग ते बरोबर आहे. जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणारा क्रँकचा भाग) व्यासाला इंचामागे एक थाऊ हा जुना हिशेब. एलएसचा मेन २.५५९ इंचाचा, रॉडचा जर्नल २.१ इंचाचा. तुमचे आकडे त्यातच बसतात. माझा संशय मागे घेतो, निदान अर्धा.

मीटरमास्तर

थांबा, इतक्यात कुणी काही उघडू नका. ४५, २२ हे आकडे डॅशबोर्डवरचे आहेत की गेजचे? डॅशबोर्डचा आकडा सेन्सर देतो आणि सेन्सर खोटं बोलतो. आधी यांत्रिक गेज लावा. ऑइल फिल्टरच्या वर ब्लॉकला दोन बोल्टची छोटी चपटी प्लेट असते. तिच्याऐवजी आट्याचं भोक असलेली प्लेट मिळते, गेज तिथेच लावा. मूळ सेन्सरची जागा इनटेकच्या मागे अडचणीत आहे, तिथे हात घालून बोटं सोलून घेऊ नका.

तेल पूर्ण गरम करा. पाणी गरम झालं म्हणजे तेल गरम झालं असं नसतं, ते मागून येतं. मग आयडल, २०००, ३००० आणि ४५०० ला रीडिंग घ्या. सुई स्थिर आहे की थरथरते तेही लिहा.

भरधाव

तोवर एक विचारतो. कारखान्याचा किमान आकडा किती असतो? मला वाटायचं १००० आरपीएममागे १० पीएसआय.

मीटरमास्तर

तो रेसवाल्यांचा ढोबळ नियम, थोडा सावध बाजूचा. या इंजिनांना कारखान्याची किमान मर्यादा बरीच खाली आहे: गरम तेलाला १००० ला ६, २००० ला १८, ४००० ला २४ पीएसआय. आयडलला २२ बघून घाबरायचं कारण नाही. मला खटकतंय ते वर जाताना प्रेशर घसरणं.

जुनापान्हा

मास्तरांनी नस पकडली. अजून थोडं फोडून सांगतो, कारण लोक इथेच चुकतात आणि इंजिन उतरवून बसतात.

क्लिअरन्स वाढलेलं इंजिन गरम झालं की आयडलला रडतं, पण आरपीएम वाढवले की प्रेशर वर येतं. पंप जास्त फिरतो, जास्त तेल ढकलतो, गळती भरून निघते. रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) उघडा अडकला असेल तर प्रेशर सगळीकडेच कमी, पण सुई शांत. तुमच्याकडे आरपीएम वाढल्यावर प्रेशर खाली येतंय. पंपाच्या तोंडात तेलाबरोबर हवा शिरतेय, हा माझा अंदाज.

पंप तेल ओढतो म्हणजे नळीत हवेचा दाब कमी करतो, बाकीचं काम बाहेरचा वातावरणाचा दाब करतो. तो जेमतेम १४.७ पीएसआय. पलीकडे पंप कितीही जोरात ढकलू शकतो, पण ओढायला एवढंच भांडवल. त्यामुळे ओढण्याच्या बाजूला केसाएवढी फट असली तरी हवा आत येते, आणि आरपीएम जितके जास्त तितकी जास्त. ढकलण्याच्या बाजूची गळती तेल सांडून स्वतःची चुगली करते. ओढण्याच्या बाजूला बाहेर एक थेंबही दिसत नाही.

टिकटिकीचंही तेच. टॅपेट हायड्रॉलिक आहेत, आत तेल कोंडलेलं असतं म्हणून ते ताठ राहतात. तेलात हवा असेल तर ती दबते, टॅपेट ढिला पडतो आणि वाजतो. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते.

दोन कामं करा. गाडी फिरवून आल्या आल्या डिपस्टिक काढा आणि फेस आहे का बघा. दुसरं, पिकअप ट्यूबची (तळातलं तेल पंपाकडे नेणारी नळी) ओ-रिंग, म्हणजे सांध्यातली रबरी कडी, कशी बसवली ते आठवा. या इंजिनात क्रँकच्या पुढच्या टोकावर पंप असतो आणि त्याला येणारी पिकअप ट्यूब फक्त एका बोल्टवर धरलेली असते. ओ-रिंग जराशी चिमटली की हाच तमाशा.

रच्याकने, रेडलाइन यांचा जाड तेलाचा सल्ला ऐकू नका. ओढायला जड तेल द्याल तर फटीतून हवा आणखी येईल. आयडलचा आकडा सुंदर दिसेल आणि बेअरिंग मात्र हायवेवर जातील.

रेडलाइन

माझी गाडी जुनी, झिजलेली होती. ठीक आहे, मागे घेतो.

भरधाव

हाय व्हॉल्यूम पंप टाकला तर?

जुनापान्हा

स्ट्रॉला भोक असेल तर जोरात ओढून भागत नाही.

तेलकट_हात

गेज लावला. तेल गरम, तापमान ९८ अंश. आयडलला २४, २००० ला ३०, ३००० ला ३१. ४५०० ला २३ आणि सुई थरथर कापतेय. डिपस्टिकवर बारीक फेस आहे, फोटोत नीट येत नाही पण कॉफीच्या फेसासारखा दिसतो.

ओ-रिंग नवीन होती, जुनी वापरली नाही. तेल लावून बसवली. बोल्टला १२ न्यूटन-मीटर टॉर्क दिला, मॅन्युअलमधलाच. मग काय चुकलं?

क्रँकशाफ्ट

माझा उरलेला अर्धा संशयही संपला. पण एक शंका: ब्लॉकच्या मागच्या ऑइल गॅलरीतला (तेलाची वाट) बारबेल बसवला होता ना? डंबेलसारखा दिसणारा प्लास्टिकचा तुकडा. ब्लॉक धुवायला दिला की तो काढतात आणि परत टाकायला विसरतात. पंपातून आलेलं तेल डाव्या बाजूने मागे जातं आणि फिल्टरमध्ये उतरतं. बारबेल नसेल तर ते फिल्टरला वळसा घालून पुढे पळतं. प्रेशरही पडलेलं दिसतं.

तेलकट_हात

बसवलाय, ओ-रिंगसकट. वहीत टिक आहे आणि फोटोही आहे.

मीटरमास्तर

या माणसाची वही सोन्याने मढवा.

आता स्वस्तातली चाचणी. साधारण दोन लिटर जादा तेल ओता, म्हणजे ओ-रिंगचा सांधा तेलात बुडेल. फक्त आयडलवर एक-दोन मिनिटं चालवा आणि गेज बघा. सांध्यातून हवेऐवजी तेलच ओढलं जाईल, म्हणून प्रेशर सुधारलं तर गुन्हेगार तोच. मात्र आरपीएम अजिबात वाढवू नका. तुमचा स्ट्रोक लांब आहे, क्रँकची वजनं तेलात आपटतील आणि नवीन फेस तयार होईल. झालं की जादा तेल लगेच काढा.

तेलकट_हात

आयडल २४ वरून ३७! सुई खांबासारखी स्थिर. टिकटिकही एका मिनिटात गेली.

मास्तर, जुनापान्हा, दोघांना साष्टांग. पण अजून कळत नाही, नवीन ओ-रिंग बरोबर टॉर्कवर हवा कशी घेते?

जुनापान्हा

तुमची क्रँक ४ इंच स्ट्रोकची. विंडेज ट्रेला (क्रँक आणि खालचं तेल यांच्यामधला पत्रा) रॉडचे बोल्ट लागू नयेत म्हणून ट्रेखाली वॉशर टाकले होते का?

तेलकट_हात

हो. प्रत्येक स्टडवर दोन-दोन.

जुनापान्हा

मिळालं उत्तर. पिकअप ट्यूबचा पत्र्याचा आधार त्याच स्टडवर ट्रेच्या वरून नटाने आवळला जातो. ट्रे वॉशरच्या जाडीएवढा क्रँकपासून लांब गेला, त्याच्याबरोबर आधारही गेला. पुढचं टोक मात्र पंपाला तिथेच बांधलेलं. मागचा नट आवळलात तेव्हा ट्यूब ताणात आली, पुढची एका बोल्टवरची चकती तिरकी झाली. टॉर्क बरोबर असूनही ओ-रिंग एका बाजूला चेपली आणि दुसऱ्या बाजूला उघडी राहिली.

चेंबर (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी) खाली घ्यावा लागेल. इंजिन उतरवायची गरज नाही, पण सी६ ला पुढची क्रॅडल (इंजिनाखालची आधाराची चौकट) खाली घ्यावी लागते, तेव्हा एक अख्खा दिवस धरा. आधी मागचा नट सोडा, पुढचा बोल्ट नंतर. नट सोडल्यावर ट्यूब उडी मारून जागा बदलते का बघा. मारली तर माझं म्हणणं खरं.

बसवताना उलट करा. आधी पुढचा बोल्ट हाताने लावून चकती सपाट बसू द्या, मग आधार आणि स्टड यांच्यात जो फरक पडेल तेवढा जुळवून घ्या. आधार जरा वाकवला तरी चालतो, ट्यूब ताणात नको. ओ-रिंग पंपाच्या तोंडाप्रमाणे घ्या, जाडी वेगवेगळी असते. चेंबरच्या चार कोपऱ्यांवर, पुढचं आणि मागचं कव्हर ब्लॉकला जिथे भेटतं तिथे, सिलिकॉन विसरू नका. चेंबरची मागची कड ब्लॉकच्या मागच्या तोंडाशी सपाट हवी, नाहीतर बेलहाउसिंग (इंजिनामागचं क्लचचं कवच) आवळताना चेंबर तडकेल.

आणि चेंबर खाली आहेच, तर दोन रॉडच्या कॅप उघडून बेअरिंग बघून घ्या. साठ किलोमीटर फेसाळ तेलावर चाललंय ते. कॅपवर खूण करायला विसरू नका.

क्रँकशाफ्ट

+१. बोल्ट चांगल्या प्रतीचे असतील तर परत वापरता येतात, पण टॉर्कवर भरवसा ठेवू नका. उघडण्यापूर्वी लांबी मोजा, बसवताना ताण मोजून बसवा. फिल्टरही कापा. घड्या उलगडून बघा, चुंबक फिरवा. जुळणीच्या ग्रीसचा राखाडी चिकटा चालतो. तांबूस चमक दिसली तर बेअरिंगचा वरचा थर गेला.

तेलकट_हात

तीन दिवसांनी हजर.

नट सोडला आणि ट्यूब खरंच टणकन हलली, दोन मिलिमीटर तरी. ओ-रिंग एका जागी चपटी, बाहेरच्या कडेला बारीक कापलेली. वॉशरच्या जाडीएवढा आधार वाकवून जुळवला. आता पुढचा बोल्ट सैल असतानाही चकती पंपावर स्वतःहून सपाट बसते.

दोन आणि सात नंबरच्या रॉडच्या कॅप उघडल्या. बेअरिंग राखाडी, एकसारखी, एक बारीक ओरखडा, तांबं कुठे नाही. फिल्टरमध्ये फक्त ग्रीसचा चिकटा.

सुरू करण्यापूर्वी ब्लॉकच्या पुढच्या डाव्या प्लगमधून दाबाने तेल भरलं, मग स्पार्क प्लग काढून आणि इंजेक्टर बंद ठेवून स्टार्टरने फिरवलं. गेज हलायला लागल्यावरच चावी फिरवली. प्रेशर एका सेकंदात आलं.

तेल गरम असताना आयडल ३६, २००० ला ४५, ४५०० ला ५९. टिकटिक नाही.

एक राहिलंच. पिस्टनच्या रिंग बसवायला मी सुरुवातीला पाऊण तास आयडलवर चालवलं होतं. त्याने काही बिघडलं असेल का?

जुनापान्हा

पाऊण तास?! रिंगच्या मागे गॅसचा दाब गेल्याशिवाय ती सिलिंडरच्या भिंतीवर नीट दाबली जात नाही. आयडलला तो दाब नावालाच असतो. होनिंगच्या रेघा ताज्या आहेत तोवर मध्यम लोड द्या. तिसऱ्या-चौथ्या गियरमध्ये ओढा, मग थ्रॉटल सोडून इंजिनाने गाडी रोखू द्या, परत ओढा. एकसारख्या वेगाने लांब चालवू नका. आणि तेल आधी बदला, फेसाळलेलं तेल तसंच वापरत राहू नका.

तेलकट_हात

तेल बदललंय, चेंबर उघडल्यावर भरलेलं सगळं नवीन आहे. आज संध्याकाळी ओढायला नेतो. ३०० किलोमीटरला परत बदलेन.

क्रँकशाफ्ट

तो फिल्टरही कापा आणि फोटो इथे टाका. वही घेऊनच या.