परदेशी वर्गात आपली ‘बरोबर’ची खूण चूक ठरते, तेव्हा काय करावे?

प्रश्न

नमस्कार. मी यंदाच्या एप्रिलपासून, म्हणजे तेथील शैक्षणिक वर्षाच्या आरंभापासून, जपानमधील एका प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवते. पाचवी-सहावीला २०२० पासून हा रीतसर विषय झाल्यामुळे त्याच्या चाचण्याही होतात. पहिल्या चाचणीत एका मुलीची वीसही उत्तरे अचूक होती, म्हणून मी लाल पेनाने प्रत्येक उत्तरापुढे बरोबरची ठसठशीत खूण केली. कागद हातात पडताच तिचा चेहरा उतरला. तिच्या वर्गशिक्षिकेने नंतर मला हळुवारपणे सांगितले, की येथे ती खूण चुकलेल्या उत्तरासाठी करतात. बरोबर उत्तराला वर्तुळ, म्हणजे ‘मारु’. निम्म्या बरोबर उत्तराला त्रिकोण. आणि फारच छान कामाला वर्तुळाभोवती पाकळ्या काढून केलेले फूल, ज्याला ‘हानामारु’ म्हणतात. आता मला असा प्रश्न पडला आहे, की मी हाताची सवय मोडावी, की इंग्रजीच्या तासाला मुलांना माझी खूण शिकवावी? इतरत्र शिकवणाऱ्यांना असे अनुभव आले आहेत का?

पहिला प्रतिसाद

आपला प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण मी फिनलंडमध्ये नेमकी हीच चूक केली होती. तेथेही ती खूण चुकीसाठीच आहे. बरोबर उत्तरासाठी तिरपी रेघ ओढून तिच्या दोन्ही बाजूंना एकेक ठिपका देतात, आणि त्यामुळे मला ते पहिल्यांदा टक्केवारीचे चिन्हच वाटले होते. माझे स्पष्ट मत आहे, की सवय आपणच बदलावी. मूल कागद घरी नेते, तेथे पालक तो पाहतात, आणि प्रत्येक घरी खुलासा करायला आपण जाऊ शकत नाही.

दुसरा प्रतिसाद

मी आधी नेदरलंड्समध्ये आणि मग जर्मनीत शिकवले. नेदरलंड्समध्ये शिक्षक पसंती दर्शवण्यासाठी हाताच्या एका झटक्यात वेटोळे काढतात. त्याला ‘क्रुल’ म्हणतात. ते सफाईने जमेपर्यंत मी रात्री कोऱ्या कागदांवर सराव केला, आणि मला तो सराव मनापासून आवडला. मात्र खरी गंमत गुणांची झाली. नेदरलंड्समध्ये १० हा सर्वोत्तम आणि १ हा सर्वांत खालचा गुण, तर सीमा ओलांडून जर्मनीत आले की १ सर्वोत्तम आणि ६ सर्वांत वाईट. गणितात १ मिळाल्याचे सांगत एक मुलगा धावत आला, तेव्हा मी त्याच्या पाठीवर हात ठेवून ‘पुढच्या वेळी जमेल हो’ असे समजावू लागले, आणि तो माझ्याकडे पाहतच राहिला!

तिसरा प्रतिसाद

मीही जपानमध्येच, माध्यमिक शाळेत शिकवतो. मारुची व्याप्ती कागदापुरती नाही, हे लवकरच आपल्या लक्षात येईल. उत्तर बरोबर आहे का असे विचारल्यावर मुले दोन्ही हात डोक्यावर नेऊन वर्तुळ करतात, आणि चूक असेल तर छातीपुढे हातांची फुली, म्हणजे ‘बात्सु’. प्लेस्टेशन या व्हिडिओ गेमच्या यंत्रावरही येथे अनेक वर्षे वर्तुळाचे बटण होकाराचे आणि फुलीचे रद्द करण्याचे होते. २०२० मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत फुली होकाराची झाली, तेव्हा माझ्या विद्यार्थ्यांचीही बोटे आपल्यासारखीच गोंधळली. तरीही पहिल्या प्रतिसादाशी मी पूर्णपणे सहमत नाही. गुण देताना मारुच करावा. परंतु ही मुले पुढे इंग्रजी पुस्तके आणि अर्ज हाताळतील, तेव्हा आपली खूण त्यांना ओळखता यायला हवी, आणि ते शिकवण्याची जागा इंग्रजीचा तासच आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तिसऱ्या प्रतिसादातील सूचना मला पटली. काल मी त्या मुलीचा कागद परत मागून घेतला, जुन्या खुणांवर वर्तुळे केली आणि वर एक मोठे हानामारु काढले. मग फळ्यावर दोन्ही खुणा शेजारी शेजारी काढून त्यांचे अर्थ वर्गाला समजावले. तास संपल्यावर ती पुन्हा माझ्यापाशी आली आणि फुलाच्या शेजारी बोट ठेवून म्हणाली, की येथे तुमची खूणसुद्धा करा.