कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा फ्लॅट आणि ते तिरके दांडे

नंदामावशी: रोहन फोटो बघितले रे, फ्लॅट छानच आहे, पण पार्किंगमध्ये ते तिरके लोखंडी दांडे कसले? आणि तो फॉल्ट, जमिनीतली भूकंपाची भेग, दोनच किलोमीटरवर म्हणतोस, मला तर किल्लारी आठवून पोटात गोळा आला

रोहन: मावशी ते भूकंपासाठीच असतात, स्टील ब्रेस. एजंट म्हणाला स्टीलची बिल्डिंग आहे, काळजी नको

मेघा: रोहन तेवढ्यावर सही करू नकोस प्लीज, मी हेच काम करते म्हणून सांगतेय. मावशी, किल्लारीला १९९३ ला दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या, ते वेगळं. इथे हेवर्ड फॉल्ट आहे, १८६८ ला मोठा हलला होता. फॉल्ट फाटत जातो तो जवळजवळ भूकंपाच्या लाटांच्याच वेगाने, त्यामुळे तो ज्या दिशेने फाटत येतो तिकडच्या माणसाला सगळी ताकद एक-दोन मोठ्या हिसक्यांत मिळते, बराच वेळ थरथर असं नाही. १९९४ ला लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला एका ठिकाणी जमिनीचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या वर गेला होता

सुधीरमामा: पण स्टील वाकतं ना, तुटत थोडीच

मेघा: मामा वाकण्यातच घोळ आहे. ब्रेस ताणला तर मस्त काम करतो, दाबला की मधेच बाक येतो. बाक आला की तो मजला सैल पडतो, बिल्डिंगची लय (एका डुलण्याला लागणारा वेळ) लांबते आणि नेमकी त्या मोठ्या हिसक्याच्या लयीच्या जवळ सरकते, मग सगळं डुलणं त्याच एका मजल्यावर येतं आणि टोकाला ब्रेस जोडणारी गसेट प्लेट नाहीतर वेल्ड फाटतं. जपानमध्ये कोबेला १९९५ च्या भूकंपात हे बऱ्याच बिल्डिंगांत दिसलं

रोहन: मग घेऊ नको का ताई?

मेघा: तसं नाही रे. बीआरबी आहेत का विचार, म्हणजे स्टीलची पट्टी काँक्रीट भरलेल्या नळीत, तिला बाक येत नाही, दाबलं तरी ताणल्यासारखीच काम करते. हो, मोठ्या हिसक्यानंतर बिल्डिंग थोडी कलून राहू शकते, दुरुस्ती महाग जाते, पण माणसं बाहेर पडतात. आणि ब्रेस दोन्ही दिशांना आहेत का बघ, फॉल्टला काटकोनात हिसका जास्त असतो

नंदामावशी: रोहन आजच विचार बाबा

रोहन: मेल टाकलाय मावशी, ड्रॉइंग मागवलीत. ताई, ड्रॉइंग आली की तुला पाठवतो, तू बघितल्याशिवाय पैसे भरत नाही

मेघा: हो पाठव, तळमजल्याचे जॉइंट आधी बघते