वृत्तांची सरावपत्रे इतर शाळांना कशी द्यावीत?

प्रश्न
मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. कवितेची वृत्ते शिकताना मुले गणांच्या, म्हणजे तीन-तीन अक्षरांच्या गटांच्या, नावांतच अडकून पडतात, म्हणून मी भुजंगप्रयात, वसंततिलका या वृत्तांची सरावपत्रे स्वतः तयार केली. ती तालुक्यातील सहकाऱ्यांना पाठवली, तेव्हा जुन्या फॉन्टातला मजकूर काहींच्या संगणकावर रोमन अक्षरांच्या गोंधळासारखा उघडला, आणि जिथे तो नीट दिसला तिथे लघु-गुरूची (ऱ्हस्व-दीर्घ उच्चाराची) चिन्हे सरकून भलत्याच अक्षरांवर गेली. शिवाय उदाहरणादाखल घेतलेल्या कवितांच्या ओळी सर्वांना वाटता येतात का, अशीही शंका आहे.

उत्तर १
बाई, मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टंकित करावा. आपोआप रूपांतर केल्यास रफार आणि जोडाक्षरे बिघडण्याची भीती असते, आणि वृत्ताच्या पाठात रफार बिघडला की लघु-गुरूंचा क्रमच चुकतो. चिन्हांसाठी मोकळ्या जागा सोडण्याऐवजी बारा रकान्यांचा, दोन ओळींचा तक्ता करावा. ‘गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा’ या भुजंगप्रयाताच्या चरणाचे प्रत्येक अक्षर वरच्या रकान्यात आणि त्याचे चिन्ह खालच्या रकान्यात आले की काहीच सरकत नाही. ‘सर्वां’मधला ‘स’ ऱ्हस्व असूनही पुढच्या जोडाक्षराच्या आघातामुळे गुरू होतो. मुले नेमकी इथेच चुकतात, म्हणून त्याखालचा रकाना मी मुद्दाम रिकामा ठेवते.

उत्तर २
हक्कांविषयी लिहितो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ शिक्षकाला अध्यापनाच्या ओघात साहित्याची प्रत काढण्याची मुभा देते. महाजालावर सर्वांसाठी कायमचे ठेवणे मात्र त्यात बसते असे गृहीत धरू नये. हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्याचे हक्क साधारणतः कवीच्या निधनानंतर ६० वर्षे राहतात. केशवसुत १९०५ मध्ये व बालकवी १९१८ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या ओळी निःशंकपणे घ्याव्यात. समर्थांच्या श्लोकांबद्दल तर प्रश्नच नाही. कुसुमाग्रजांचे निधन १९९९ मधले असल्याने त्यांच्या कवितांसाठी परवानगी घ्यावी.

उत्तर ३
एक विनंती आहे. केवळ पीडीएफ पाठवू नका, बदल करता येईल अशी मूळ फाइलही द्या आणि उत्तरसूची वेगळी ठेवा. आमच्याकडे छपाई काळ्या शाईतच होते. लघू लाल आणि गुरू निळा अशी खूण केलेली पाने मुलांच्या हाती सारखीच करडी पडतात.

मूळ प्रश्नकर्ती
सर्वांची मनापासून आभारी आहे. भुजंगप्रयाताचे पान आज तक्त्यात बसवले. रंग काढून टाकले असून ‘स’खालचा रकाना रिकामा ठेवला आहे. वसंततिलकेला चौदा रकाने लागतील, ते पान रविवारी करीन.